तुराट्यांच्या आचेवर मका कसा वाळवावा

परतीचा पाऊस रेंगाळला की सोलापूर जिल्ह्यात मळणी झालेला मका ताडपत्रीखाली अडकतो आणि २० टक्के ओलाव्याचा ढीग आतून तापून बुरशी धरू लागतो. डिझेलवरचा ड्रायर परवडत नसेल, तर गेल्या हंगामातील वाळलेल्या तुराट्या (तुरीची खोडे) आणि मक्याची बुरकुंडे (दाणे काढलेली कणसे) हे इंधन पुरेसे होते. कडबा मात्र जाळू नये; तो जनावरांचा आहे.

भट्टीवर तापलेली हवा पंखा जाळीखालून धान्यात ढकलतो. मका जाळीवर फूटभर थरात पसरावा, आधी पंखा सुरू करावा आणि मगच भट्टी पेटवावी.

माझे पहिले वर्ष वाया गेले ते याच्या पुढच्या टप्प्यावर. धूर सरळ धान्यातून सोडला की कीड लागत नाही, असे सांगणारे अजूनही भेटतात. मी त्यांचे ऐकले, आणि आडतीवर व्यापाऱ्याने मूठभर मका नाकाशी नेऊन तसाच पोत्यात परत टाकला. वासाचे एक वेळ सोडून द्या. धुराच्या काजळीत कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये असतात. म्हणून धूर लोखंडी नळ्यांमधून धुराड्याने बाहेर जावा आणि धान्याकडे जाणारी हवा त्या नळ्यांना बाहेरून लागून तापावी. नळ्या कोठे फुटल्या आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी पांढरा सोलापुरी टॉवेल ओला करून गरम हवेच्या तोंडाशी दहा मिनिटे धरावा, आणि त्यावर करडी झाक आली किंवा त्याला धुराचा वास लागला, तर वेल्डिंग केल्याशिवाय धान्याला ती हवा देऊ नये.

दुसरी अडचण आचेची. तुराट्या भडकन पेटतात आणि तशाच विझतात, त्यामुळे त्यांचा भारा एकदम कधीही कोंबू नये. तुराट्यांनी जाळ पेटवावा आणि बुरकुंडांवर तो टिकवावा. तापमापक भट्टीजवळ नव्हे, तर हवा धान्यात शिरते तेथे लावावा. खाण्याच्या मक्याला ६० अंश सेल्सिअस पुरे, बियाण्याला ४३ च्या वर नको. वीज गेली, तर सर्वांत आधी भट्टीतील जाळ बाहेर ओढावा, नाहीतर खालचा थर भाजून निघतो.

२० वरून १२ टक्क्यांवर येताना क्विंटलमागे सुमारे ९ किलो पाणी जाते. खालचा थर आधी वाळतो, म्हणून तासातासाला मका खालीवर करावा. ओलावा १३ टक्क्यांवर आला की जाळ काढावा, पंखा मात्र मका गार होईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशी पोत्याच्या मधोमध हात घालावा. दमट लागला, तर ते पोते पुन्हा जाळीवर ओतावे.