मानसशास्त्रीय मापनी तुर्कीत आणताना

आधी परवानगी. मापनीचे (म्हणजे स्वभाव किंवा मनःस्थिती मोजणाऱ्या विधानांच्या प्रश्नावलीचे) हक्क लेखकाकडे असोत वा प्रकाशकाकडे, पहिल्याच पत्रात विचारून घ्या की एखादं विधान बदलावं किंवा गाळावं लागलं तर चालेल का. नंतर विचारलं की काम अडतं. शिवाय तुर्की आवृत्ती आधीच झालेली नाही ना, तेही बघा. रोझेनबर्गची आत्मसन्मान मापनी तुर्कीत कधीचीच आहे.

मग अनुवादक दोन, दोघांचीही मातृभाषा तुर्की. एकाला विषय माहीत असावा, दुसऱ्याला मुद्दाम सांगू नये. दोघांचे मसुदे जुळवून एक करा आणि मूळ मापनी न पाहिलेल्या दोघांकडून तो परत इंग्रजीत आणा. तो मुळाशी तंतोतंत जुळला म्हणून खूश होऊ नका. शब्दाला शब्द ठेवलेला लाकडी अनुवादच सगळ्यांत छान परत येतो.

खरी मेख तुर्की क्रियापदाच्या शेपटीत आहे. 'हिस्सेदेरिम' म्हणजे एरवी वाटतं, 'हिस्सेदियोरुम' म्हणजे मुख्यतः आत्ता वाटतंय. आपल्या 'ताण येतो' आणि 'ताण येतोय'सारखंच. इंग्रजी 'आय फील' दोन्हीकडे खपतं. त्यामुळे स्वभाव मोजायचा की या घडीची अवस्था, हे अनुवादाला बसण्याआधी ठरवा आणि सगळ्या विधानांत एकच रूप ठेवा. नकार तर याहून लबाड. 'हिस्सेतमेम' म्हणजे वाटत नाही, पण सगळा नकार त्या एका 'मे'मध्ये. मराठीतल्या 'नाही'सारखा सुटा शब्दच नाही, त्यामुळे घाईत वाचणारा तो सहज गिळतो. मग उलट गुणांकनाची (जिथे 'हो'ला कमी गुण असतात अशी) विधानं विश्लेषणात वेगळा घटक (सारखी उत्तरं मिळणाऱ्या विधानांचा गट) होऊन बसतात आणि संशोधक त्याला भारदस्त नाव देतो! अशी क्रियापदं अधोरेखित करा, जमल्यास विधान होकारार्थी करून घ्या.

नात्यांचे शब्दही तपासा. इंग्रजी 'आंट'साठी तुर्कीत 'हाला' (आत्या) की 'तेयझे' (मावशी) हे निवडावंच लागतं.

आता तज्ज्ञ. लॉशेच्या पद्धतीत विधान आवश्यक आहे का हे तज्ज्ञांना विचारून त्यांच्या सहमतीचं गुणोत्तर काढतात; 10 तज्ज्ञ असतील तर ते किमान 0.62 लागतं. 8 जणांनी विधान 'आवश्यक' म्हटलं तर ते 0.60 येतं, म्हणजे 9 जण हवेतच. पुढे 30 ते 40 सामान्य लोकांना विधानं वाचायला देऊन 'हे तुमच्या शब्दांत सांगा' म्हणा. फक्त 'समजलं का?' विचारलंत तर सगळे हो म्हणतात.

घटक शोधणं आणि त्यांची पुष्टी करणं एकाच नमुन्यावर करू नका. पुष्टीसाठी, म्हणजे ठरवलेली घटकरचना माहितीशी किती जुळते हे सांगणाऱ्या निर्देशांकांपैकी सीएफआय 0.95च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए 0.06च्या आसपास किंवा खाली असावा. आकडे बसत नाहीत म्हणून विधानांच्या चुका (घटकाने न उलगडणारा उरलेला भाग) एकमेकींना जोडत सुटू नका. पुनर्चाचणी (त्याच लोकांना मापनी पुन्हा देणं) 2 ते 4 आठवड्यांनी.

माहितीच्या फाइलीत चलांच्या (रकान्यांच्या) नावांत 'आय' (i) हे अक्षर टाळा. तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन आहेत. संगणकाची भाषा तुर्की असेल तर मोठं अक्षर करताना टिंब तसंच राहतं, आणि आज्ञावलीला तो रकाना सापडत नाही.