डीकेएमएसमधला ड्रायव्हर मेनलाइन लिनक्स कर्नलमध्ये नेताना

डीकेएमएसवर (कर्नलबाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करणारी यंत्रणा) चालणारा ड्रायव्हर नवा कर्नल आला की कुठे ना कुठे मोडतो, कारण लिनक्सचे अंतर्गत इंटरफेस स्थिर ठेवायचे नाहीत असं मुद्दामच ठरलेलं आहे. ड्रायव्हर मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या अधिकृत मूळ कोडमध्ये, असला की एखादं फंक्शन बदलणाऱ्यालाच ते वापरणारे सगळे ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात, त्यात तुमचाही आला. त्याबदल्यात ड्रायव्हरने मांडलेली वेगळी चूल मोडावी लागते. त्यामुळे या कामात नवं लिहिण्यापेक्षा खोडणंच जास्त.

आधी लायसन्स बघा. प्रत्येक फाइल कोणी लिहिली ते गिटच्या इतिहासातून काढा, जीपीएल-2.0शी न जुळणारा तुकडा असेल तर लेखकाची लेखी संमती घ्या, नाहीतर तो भाग नव्याने लिहा. 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ म्हणजे कोड देण्याचा हक्क तुम्हाला आहे याची जाहीर हमी असते. फर्मवेअरची बायनरी कर्नलमध्ये जात नाही, ती लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या रिपॉझिटरीत द्यायची.

काम डिस्ट्रोच्या कर्नलवर करू नका, ड्रायव्हर कर्नलच्या ज्या सबसिस्टिममध्ये (विभागात) बसतो तिच्या ट्रीवर, म्हणजे तिच्या गिट रिपॉझिटरीवर करा, नेटवर्कसाठी नेट-नेक्स्ट. ट्रीचा पत्ता मेंटेनर्स (सबसिस्टिम सांभाळणारे) फाइलमध्ये मिळतो.

आता खोडाखोड. कर्नलची आवृत्ती तपासणाऱ्या सगळ्या इफ-डेफ अटी, विंडोजशी कोड वाटून घेण्यासाठी केलेला मधला थर, स्वतःचं लॉगिंग, स्वतःच्या लिंक्ड लिस्ट, हे सगळं जातं. सर्वांत जड जातो तो युजरस्पेसचा, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमांशी बोलण्याचा इंटरफेस. समजा ड्रायव्हर प्रॉकमधल्या स्वतःच्या फाइलमध्ये तापमान '45.5' असं छापतो. मेनलाइनमध्ये ते एचडब्ल्यूमॉन या हार्डवेअरच्या मोजमापांच्या सबसिस्टिममधून द्यावं लागेल, तेही मिलिअंशांत, म्हणजे 45500. एकदा आत गेलेला युजरस्पेसचा इंटरफेस पुढे मोडता येत नाही, म्हणून खासगी आयओक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला थेट आज्ञा देण्याचा मार्ग) दिसला की मेंटेनर तिथेच अडवतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिल्या खेपेला उपकरण जेमतेम चालेल एवढाच ड्रायव्हर द्या. वीजबचत आणि जादा मॉडेल्स मागाहून. आधी डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा (हार्डवेअरचं वर्णन कसं लिहायचं ते ठरवणारा) पॅच, मग ड्रायव्हर. प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे, नाहीतर बायसेक्ट करणारा, म्हणजे बग कोणत्या पॅचने आला ते शोधणारा, अडकतो. एनटीएफएस3 ही फाइलसिस्टिम 2020 मध्ये पहिल्यांदा तपासणीसाठी आली ती सुमारे 27 हजार ओळींच्या एकाच पॅचमध्ये. ती कर्नल 5.15 मध्ये 2021 साली दाखल झाली. एवढा मोठा पॅच कोणी वाचायला बसत नाही.

केकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय ठरवणाऱ्या फाइलमध्ये) अवलंबित्वाला 'कंपाइल टेस्ट'चा पर्याय जोडा, म्हणजे बॉट इतर आर्किटेक्चरवरही बिल्ड करतील. 32-बिटवर 64-बिटचा साधा भागाकार लिंक होताना फुटतो. तिथे 'डिव्ह_यू64' वापरा. पाठवण्यापूर्वी चेकपॅच ही शैली तपासणारी स्क्रिप्ट 'स्ट्रिक्ट'सह, जादा इशाऱ्यांसाठी मेक 'डब्ल्यू=1', आणि स्पार्स या कोड तपासणाऱ्या साधनासाठी 'सी=1' चालवा. एंडियनच्या (बाइट्सच्या क्रमाच्या) चुका स्पार्सच पकडतो.

केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) ही साधनं चालू ठेवून ड्रायव्हर उपकरणाला पुन्हा पुन्हा बाइंड-अनबाइंड करा. नेहमीची गफलत अशी: इंटरप्ट डेव्हएम पद्धतीने (कर्नल आपोआप सोडतो अशा रीतीने) घेतलेला, पण बफर रिमूव्ह फंक्शनमध्ये हाताने सोडलेला. डेव्हएमची साधनं रिमूव्ह संपल्यावर सुटतात. मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर हँडलर मोकळ्या झालेल्या मेमरीला हात घालतो. दोन्ही डेव्हएम करा, आणि बफर इंटरप्टच्या आधी घ्या, कारण सोडणं उलट्या क्रमाने होतं.

कोणाला पाठवायचं ते 'गेट-मेंटेनर' स्क्रिप्ट सांगते. पॅच गिट सेंड-ईमेलने, साध्या मजकुरात जातो; अटॅचमेंट नको. कर्नलच्या नव्या आवृत्तीनंतर सुमारे दोन आठवडे मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी साठवलेला कोड आत घेण्याचा काळ असतो. त्या काळात नेट-नेक्स्ट बंद असते आणि इतरांनाही नव्या कोडसाठी सवड नसते, म्हणून आरसी1 (मर्ज विंडो संपताना निघणारी पहिली चाचणी आवृत्ती) निघाल्यावर पाठवा. पॅचची दुसरी आवृत्ती त्याच दिवशी धाडू नका, निदान आठवडा जाऊ द्या. प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्या आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. तिथला मजकूर कमिटमध्ये जात नाही.

स्टेजिंग ही अजून पुरते तयार नसलेले ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवण्याची 2008 पासूनची सोय आहे, पण तिथे टूडू फाइल (उरलेल्या कामांची यादी) संपवणारा कोणी नसला की ड्रायव्हर काढून टाकला जातो. सरळ सबसिस्टिममध्ये जाता येत असेल तर तिथेच जा.

ड्रायव्हर आत गेल्यावर मेनलाइन हाच मूळ कोड माना: दुरुस्ती आधी तिथे, मग तीच जुन्या कर्नलमध्ये बॅकपोर्ट. डीकेएमएसचं पॅकेज मात्र तसंच सोडू नका. दोन्ही मॉड्यूलचं नाव एकच असेल तर बहुतेक ठिकाणी 'अपडेट्स' फोल्डरमधलं बाहेरचंच आधी लोड होतं, आणि लोक जुन्या कोडचे बग मेनलाइनच्या नावावर नोंदवतात. कोणतं मॉड्यूल लोड होणार ते 'मॉडइन्फो -एन' दाखवतं. पॅकेजच्या कॉन्फिगमध्ये त्याला जुन्या कर्नलपुरतं बांधून ठेवा.