अचानक संकट आलं की देवाजवळ कसं जायचं

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, आणि दुपारी तीनच्या सुमारास मिस्टरांना दुकानातच पॅरालिसिसचा झटका आला. सकाळी आम्ही डब्यातल्या भाजीवरून भांडलो होतो आणि रात्री मी आयसीयूबाहेर लोखंडी खुर्चीवर. घरी रोज दिवा लावणारी मी, पण त्या रात्री लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्रही दोन ओळींपुढे आठवेना, रडूही येईना. म्हणून जे तेव्हा मला कोणी सांगायला हवं होतं ते लिहून राहिली आहे, कोणाच्या तरी कामी येईल.

पहिल्या दिवसात मोठं काही म्हणायला जाऊच नका. एक नाव धरा. राम, विठ्ठल, गजानन, आई जगदंबा, जे तोंडात आपोआप येईल ते. माळ नसते तेव्हा जवळ, पण हात असतो. अंगठा सोडून चार बोटांची बारा पेरं होतात, अंगठ्याने एकेक पेर मोजत एक फेरी झाली की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढे सरकायचं, अशा 9 फेऱ्या झाल्या की 108. कॉरिडॉरमध्ये, ऑटोत, औषधांच्या लाईनीत, कुठेही होतं हे. मन लागलं नाही तरी चालतं, खरंच चालतं, मन मागून येतं.

हे मी मनचं नाही सांगत. तुकाराम महाराजांचंच बघा. दुष्काळात धंदा बुडाला, पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, आणि हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलं आहे. पण त्यानंतर त्यांनी काय केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं मला. मोडकळीला आलेलं देऊळ होतं ते दुरुस्त करायचं मनात घेतलं, एकादशीला कीर्तन करू लागले, आणि तेव्हा अभ्यासात चित्त नव्हतं हेही ते लपवत नाहीत. संतांची वचनं पाठ केली, दुसरे पुढे गायचे त्यांच्यामागे ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. म्हणजे आधी हात लागले, मग आवाज लागला, तेही दुसऱ्याच्या आधाराने. आपण मात्र आधी मन शांत होऊ दे मग देवाचं बघू म्हणून बसतो.

म्हणून जमलं की लगेच कुठल्या तरी भजनात जाऊन मागे बसा. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे सामुदायिक प्रार्थना कितीतरी गावात, वस्त्यांत होते, शेजारी विचारलं तरी पत्ता लागतो. मी दर गुरुवारी जायची, पहिले तीन गुरुवार नुसती टाळ्या वाजवत बसली, चौथ्या वेळी तोंडातून शब्द निघाला आणि घळाघळा रडली. बाजूच्या काकूंनी काहीच विचारलं नाही, पाठीवर हात ठेवला आणि म्हणत राहिल्या.

राग आला असेल तर तो पण देवासमोरच काढा. माझ्याच घरी काहून, असं मी टेकडी गणपतीसमोर उभं राहून विचारलं आहे, सकाळी लवकर, मंगळवारची गर्दी टाळून. पाप वगैरे लागत नाही हो. जनाबाईने विठ्ठलाला किती कडक बोल सुनावलेत, आणि तिलाच दळू लागणारा विठ्ठल आपण मानतो. घरच्यांवर काढला तर तो राग घर मोडतो, देव ऐकून घेतो.

आता एक गोष्ट जरा कडक सांगते. अशा वेळी कोणीतरी येतंच, अमुक बाबाकडे चला, एवढे पैसे ठेवा, दोष काढून देतो. अजिबात जाऊ नका. मोठमोठे नवसही त्या घाबरलेल्या अवस्थेत बोलू नका, कर्ज काढून फेडावे लागतात ते. देवाला शरण जाणं आणि डॉक्टरची गोळी वेळेवर देणं यात भांडण नाही, मी गोळी देताना नाव घेते, फिजिओथेरपीच्या वेळी पाय वर उचलताना आम्ही दोघं मोजतोच विठ्ठल विठ्ठल करत. आणि स्वतःचंच जगणं नको वाटायला लागलं, झोप गेली, तर 14416 वर फोन करा, टेलिमानस आहे सरकारची, मोफत, मराठीत बोलतात. देव माणसाच्या आवाजातूनही बोलतो असं मी मनापासून मानते.

थोडं सावरलं की रोजची एक वेळ ठरवा, दहाच मिनिटं, पण तीच वेळ. माझी पहाटे साडेपाचची, कूलर बंद करायचा, दिवा लावायचा, आणि आधी कालच्या दिवसात काय मिळालं ते एक सांगायचं, मग मागायचं. कधी एवढंच असतं की आज चमचा त्यांनी स्वतः धरला.

मागच्या कार्तिकात आम्ही धापेवाड्याला जाऊन आलो, आपली विदर्भाची पंढरी. मिस्टर काठी घेऊन चालले, मंदिराच्या पायऱ्यांपाशी थांबले, म्हणाले तू जा आत, मी इथूनच बघतो. मी पण नाही गेली मग. दोघं पायरीवर बसलो आणि त्यांनी डाव्या, त्याच अधू हाताच्या पेरांवर मोजायला सुरुवात केली.