रेडियस मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर नेताना मला काय काय नडलं

इंदूरला भंवरकुआच्या एका होस्टेलचं वायफाय मी बघतो, सगळी कोचिंगची पोरं, प्रत्येकाकडे मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही. लॉगिन फ्रीरेडियसवर (नाव-पासवर्ड तपासून नेटवर सोडणारा सर्व्हर, खाली नुसतं रेडियस) चालतं, पोरांची नावं-पासवर्ड इतके दिवस त्याच मशीनच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये होते, मागच्या महिन्यात ते उचलून दुसऱ्या मशीनवरच्या पोस्टग्रेस या वेगळ्या डेटाबेसमध्ये टाकले. काम खरं तर अर्ध्या तासाचं आहे पण माझ्या दोन रात्री गेल्या, म्हणून लिहून ठेवतोय. सगळं फ्रीरेडियस ३.० आणि उबंटू किंवा डेबियन धरून आहे.

आधी पोस्टग्रेसकडचं. रेडियस नावाचा युजर बनवा, डेटाबेस बनवा आणि त्याचा ओनर हाच युजर ठेवा, कारण पोस्टग्रेस १५ पासून साध्या युजरला पब्लिक स्कीमात (टेबलांच्या डिफॉल्ट कप्प्यात) टेबल बनवू देत नाहीत. टेबलांची फाइल फ्रीरेडियसबरोबरच येते, मॉड्स-कॉन्फिग मध्ये एसक्यूएल, त्यात मेन, त्यात पोस्टग्रेसक्यूएल, तिथली स्कीमा डॉट एसक्यूएल. ती रेडियस युजरनेच चालवा हां, पोस्टग्रेस नावाच्या अ‍ॅडमिन युजरने चालवली की टेबलं त्याच्या नावावर होतात आणि मग परमिशन डिनाइड, एकदा टेबलाची परवानगी द्या, मग सीक्वेन्सची (नवीन ओळीला आयडी देणारा काउंटर) द्या, बसा. दुसऱ्या मशीनवरून यायचं असेल तर पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतो, त्यामुळे लिसन अ‍ॅड्रेसेस बदला, पीजी एचबीए फाइलमध्ये (कोणाला कुठून येऊ द्यायचं ती यादी) रेडियसच्या आयपीची एक ओळ घाला, आणि फायरवॉलमध्ये ५४३२ फक्त त्या आयपीला उघडा, सगळ्या जगाला नाही.

आता रेडियसकडे. फ्रीरेडियस-पोस्टग्रेसक्यूएल हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं. मग मॉड्स-अव्हेलेबल मधली एसक्यूएल फाइल उघडा, डायलेक्ट (कुठल्या डेटाबेसच्या भाषेत बोलायचं) पोस्टग्रेसक्यूएल करा, आणि ड्रायव्हरची ओळ नीट बघा, तिथे शेवटी नल लिहिलेलं असेल तर तो ड्रायव्हर कुणाशीच बोलत नाही. मग सर्व्हर, पोर्ट, लॉगिन, पासवर्ड, डेटाबेसचं नाव. राउटर-अ‍ॅक्सेस पॉइंटची यादी नॅस टेबलात ठेवत असाल तर रीड क्लायंट्स यस करा. शेवटी त्या फाइलची लिंक मॉड्स-एनेबल्ड मध्ये.

इथपर्यंत सगळे करतात. पुढे मी आपटलो. साइट्सच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ऑथोराइझ, अकाउंटिंग आणि पोस्ट-ऑथ मध्ये एसक्यूएल आधीपासून लिहिलेलं असतं, पण त्याच्या आधी एक बारकी डॅश असते. तिचा अर्थ असा की हे मॉड्यूल चालू असेल तर वापर, नसेल तर गुपचूप पुढे जा. माझी लिंक चुकली होती, सर्व्हर मस्त चालू झाला, एक एरर नाही, आणि प्रत्येक पोराला रिजेक्ट. डॅश काढून टाकली की तोच सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो आणि कारण तोंडावर सांगतो, मला तेच बरं वाटतं. इनर-टनेल फाइलमध्येही हेच करा, पीप (एनक्रिप्टेड बोगद्यातून लॉगिन करायची वायफायची पद्धत) वापरत असाल तर खरा पासवर्ड तिथे तपासला जातो. एका नावावर एकच डिव्हाइस चालवायचं असेल तर त्या नावाला सिमल्टेनियस-यूज एक लावा आणि सेशन मधली एसक्यूएलची ओळ कॉमेंटमधून बाहेर काढा.

मग सर्व्हिस बंद करून फ्रीरेडियस कॅपिटल एक्सने (डीबग मोडमध्ये) चालवा, दुसऱ्या टर्मिनलवरून रेडटेस्ट (टेस्टचं लॉगिन पाठवणारी कमांड) मारा आणि आउटपुट वरून खाली वाचा, नुसतं शेवटचं रिजेक्ट वाचून काही कळत नाही. रेडचेक मध्ये (नाव-पासवर्डचं टेबल) क्लिअरटेक्स्ट-पासवर्डचा ऑपरेटर कोलन-बरोबर पाहिजे, टेबलाचा डिफॉल्ट डबल-बरोबर आहे, हाताने ओळ घालताना विसरलात की गेलं. आणि पीपमध्ये एमएसचॅप (पासवर्ड थेट न पाठवता तपासायची पद्धत) चालतं म्हणून पासवर्ड एकतर साधा ठेवावा लागतो नाहीतर विंडोजवाला एनटी हॅश, वेबसाइटवाला बीक्रिप्ट हॅश तिथे चालत नाही.

टेस्ट पास झाली, मी खुश, पोहे खाऊन झोपलो. सकाळी सातला वॉर्डनचा फोन, भिया अर्ध्या पोरांचं नेट बंद आहे. अर्ध्यांचं चालू, अर्ध्यांचं बंद, त्याच फ्लोअरवर! एकाचा मोबाइल हातात घेऊन बघितला तेव्हा कळलं, कीबोर्डने नावाचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल केलेलं होतं. मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगमध्ये लहान-मोठं अक्षर एकच धरतो, पोस्टग्रेस धरत नाही, त्यामुळे वर्षभर चाललेलं नाव एका रात्रीत अनोळखी झालं. उपाय पोस्टग्रेसच्या क्वेरीज फाइलमध्येच कॉमेंट करून ठेवलाय, लोअर (सगळं लहान अक्षरात करणारं फंक्शन) वापरणाऱ्या क्वेऱ्या, त्या चालू करा आणि साध्या बंद करा. त्या थोड्या हळू चालतात असं तिथेच लिहिलंय, म्हणून युजरनेमच्या लोअरवर एक इंडेक्स टाका.

जुना रेडअ‍ॅक्ट म्हणजे कोणी कधी किती नेट वापरलं तो हिशोब आणायचा असेल तर रिकामे आयपी आधी नल करा, पोस्टग्रेसमध्ये तो कॉलम आयनेट प्रकारचा आहे, रिकामी स्ट्रिंग घेत नाही. आयडीसकट ओळी आणल्या तर सीक्वेन्सही पुढे सरकवा, नाहीतर नवीन ओळ जुन्या आयडीवर आदळते. मी तर फक्त रेडचेक आणि ग्रुपची टेबलं आणली, जुना हिशोब जुन्या मशीनवर पडून आहे.

आणि लाइट. एकदा लाइट गेली आणि आली, रेडियसचं मशीन आधी उठलं, पोस्टग्रेसचं मागून, आणि रेडियसला डेटाबेस सापडला नाही म्हणून तो चालूच झाला नाही. एसक्यूएल फाइलच्या पूल मध्ये (डेटाबेसच्या जोडण्यांची सेटिंग) स्टार्ट शून्य करा, मग रीड क्लायंट्स यस नसेल तर तो डेटाबेस नसतानाही उठतो आणि पहिली रिक्वेस्ट आली की जोडायला जातो.