वेबिनार लॅपटॉपवर उतरवताना या चुका टाळा

द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात डावणी-भुरी या रोगांवरच्या वेबिनारांची रीघ लागते. बागेत रेंज धड नसते. मग आयोजकांची परवानगी असेल तर घरी नेटवर उतरवून ठेवू, असा विचार करून ब्राउझरमध्ये एखादे डाउनलोड एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) टाकले जाते. आणि हाती काय येते? दोन-चार केबीची फाइल, मुका व्हिडिओ किंवा वीस सेकंदांची जाहिरात.

मूळ गोष्ट अशी की पानावर चालणारा व्हिडिओ बऱ्याचदा एक अख्खी फाइल नसतोच. सर्व्हरवर त्याचे काही सेकंदांचे तुकडे असतात. तुकडा सहा सेकंदांचा धरला तर दीड तासाच्या वेबिनारचे ९०० तुकडे होतात. कोणता तुकडा कुठे आहे याची यादी म्हणजे एम३यू८ ही छोटीशी मजकुराची फाइल. प्लेअर ती वाचून तुकडे मागवतो, दाखवतो आणि टाकून देतो. एक्स्टेन्शन तेच तुकडे टाकून न देता जोडते. घोटाळा बहुतेक वेळा यादीत, तुकड्यांत किंवा जोडणीतच असतो. दोन-चार केबीची ती फाइल म्हणजे नुसती यादी. तिच्यात व्हिडिओ नाही, त्यामुळे नाव बदलूनही ती चालणार नाही.

पहिली ओळ दिसली की क्लिक

पान उघडताच एक्स्टेन्शनच्या चिन्हावर आकडा येतो आणि लोक लगेच दाबतात. त्या क्षणी बहुधा सुरुवातीची जाहिरातच पकडलेली असते. आधी व्हिडिओ चालू करा, जाहिरात संपू द्या, मूळ व्हिडिओ दहा-पंधरा सेकंद चालू द्या आणि मग यादी उघडा. तिथे ‘०:२०’, ‘१:३०:१२ – ७२०’, ‘१:३०:१२ – ३६०’ अशा ओळी दिसतील. आधी कालावधी, मग चित्राच्या स्पष्टतेचा आकडा. नावावर जाऊ नका, कालावधी जुळणारी ओळ घ्या.

प्रक्षेपण थेट चालू असेल तर यादीत बऱ्याचदा शेवटच्या काही मिनिटांचेच तुकडे असतात. तेव्हा उतरवायला घेतले तर सुरुवात मिळत नाही. कार्यक्रम संपून पूर्ण रेकॉर्डिंग पानावर येईपर्यंत थांबा.

आवाजच नाही

ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. अनेक ठिकाणी चित्र आणि आवाज वेगवेगळ्या प्रवाहांत येतात आणि ते एकत्र करण्याचे काम ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनला नेहमी झेपत नाही. काही एक्स्टेन्शने त्यासाठी संगणकावर एक जोडीचे ॲप बसवायला सांगतात. ते ॲप एक्स्टेन्शनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणत मधेच उगवणाऱ्या खिडकीतून काहीही घेऊ नका.

व्हिडिओ आधीच मुका उतरला असेल तर डाउनलोड फोल्डरमध्ये बघा. १२८ केबीपीएसचा आवाज धरला तर दीड तासाची ऑडिओ फाइल साधारण ८६ एमबीची होते, तेवढ्या आकाराची एखादी फाइल शेजारीच पडलेली असू शकते. एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर उघडा, दोन्ही फाइली त्यात ओढा आणि जोडणीचे बटण दाबा. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, त्यामुळे दर्जा घटत नाही आणि काम मिनिटा-दोन मिनिटांत आटोपते. आवाज सुरुवातीपासून थोडा मागेपुढे असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवता येतो. पण मधूनच पुढे बिघडत गेला असेल तर एखादा तुकडा गळाला आहे. अशा वेळी पुन्हा उतरवण्याला पर्याय नाही.

अर्ध्यावर अडकणे

आधी हिशेब करा: मेगाबिटमधला वेग गुणिले सेकंद, भागिले आठ. ७२० ला २.५ एमबीपीएस धरले तर ५४०० सेकंदांचे जवळपास १.७ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून हे होणारच नाही. कोटा संपताच वेग रांगायला लागतो, तुकडे वेळेत येत नाहीत आणि एक्स्टेन्शन हात टेकते. ३६० ची ओळ ०.७ एमबीपीएसने सुमारे ४७० एमबीत बसते. बोलणारा माणूस आणि स्लाइड एवढेच असेल तर ती पुरते. पानावरची बुरशी, घडातले मणी नीट बघायचे असतील तर मात्र ७२० च घ्या.

डिस्कवर फाइलच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा, कारण जोडताना तुकडे आणि तयार फाइल दोन्ही एकदमच असतात. टॅब बंद करू नका. लॅपटॉपचे झाकण लावले की तो झोपतो आणि काम तिथेच थांबते. ‘४०३’ ही त्रुटी आली तर दुव्याची मुदत संपली असण्याची शक्यता जास्त. आज अर्धे, उद्या अर्धे हा बेत यामुळेच फसतो. पान ताजे करा, लॉगिन तपासा आणि पहिल्यापासून सुरू करा.

सगळी घरे उघडी

‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी अशी एक्स्टेन्शने मागतातच. म्हणजे बँकेचे पानही आले. आज चांगले असलेले एक्स्टेन्शन उद्या दुसऱ्या हाती जाऊ शकते. द ग्रेट सस्पेंडर हे लोकप्रिय एक्स्टेन्शन मालक बदलल्यावर बिघडले आणि २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून काढून टाकले. क्रोममध्ये तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, डिटेल्स असे जाऊन ‘साइट ॲक्सेस’ला ‘ऑन क्लिक’ निवडा. त्याहून बरे म्हणजे या कामासाठी ब्राउझरचे वेगळे प्रोफाइल करा, त्यात बँक-मेल काहीच उघडू नका.

यूट्यूबवर एक्स्टेन्शन चालत नाही म्हणून कुठूनतरी झिप फाइल आणून डेव्हलपर मोडमध्ये बसवणे हा तर निव्वळ आगीशी खेळ. क्रोमच्या दुकानात यूट्यूब उतरवणाऱ्या एक्स्टेन्शनना मनाईच आहे. व्हिडिओ तुमच्याच चॅनेलचा असेल तर यूट्यूब स्टुडिओत त्याच्या ओळीतल्या तीन ठिपक्यांत डाउनलोड आहे. दुसऱ्याचा असेल तर आयोजकांकडे ड्राइव्हचा दुवा मागा, बरेच जण देतात.

पैसे भरून बघायच्या ओटीटीवर चित्र काळे येते, कारण तुकडे कुलूपबंद असतात. ते एक्स्टेन्शनचे अपयश नव्हे. मालकाच्या हक्कांवर घाला घालण्यासाठी असे कुलूप तोडणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या ॲपमध्येच ऑफलाइनची सोय आहे का ते बघा.

पेन ड्राइव्हवर नेण्याआधी

फाइल व्हीएलसीत उघडून सुरुवात, मध्य आणि शेवटची दोन मिनिटे पाहा, एकूण कालावधी पानावरच्या कालावधीशी ताडून घ्या. ४ जीबीच्या वरची फाइल फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर जातच नाही. ड्राइव्हमधले सगळे आधी काढून ठेवून तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण जुने टीव्ही एक्सफॅटही वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ३६० ची लहान फाइल आणि एमपी४, एच.२६४ ची ओळच बरी. वेबएम या दुसऱ्या प्रकारच्या फाइलचे नुसते नाव बदलून एमपी४ केले तर आतला माल तोच राहतो, आणि जुन्या टीव्हीला तो बहुधा कळत नाही.