रेघेला रेघ छेदते, पण बीम बीमला टेकत नाही

कॅडचं ड्रॉइंग इमारतीच्या सांगाड्याचा हिशेब करणाऱ्या ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये घेण्याचं काम ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डीएक्सएफ म्हणजे काय (कॅडचं ड्रॉइंग दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची फाइल) आणि इम्पोर्टचा मेनू कुठे असतो, हे तुम्हाला माहीत असणारच. एकक आणि अक्ष यांचं थोडक्यात सांगतो. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असताना मीटर निवडलंत, तर ६ मीटरचा गाळा ६००० मीटरचा होतो. ऑटोकॅडमध्ये उंची सहसा झेड अक्षावर असते, स्टाड प्रो या ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळात वाय अक्षावर. इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअर विचारतं, तेव्हा नीट वाचून उत्तर द्या. इथे चुकलात तरी घाबरू नका, मॉडेल उघडताच ते दिसतं. मला जी चूक भोवली, ती दिसतच नव्हती.

स्टीलचा एक प्लॅटफॉर्म होता. कॉलमपासून कॉलमपर्यंत १२ मीटरचे दुय्यम बीम, आणि त्या सगळ्यांना मधोमध आधार देणारा एक मुख्य बीम. ड्रॉइंगमध्ये प्रत्येक दुय्यम बीम ही एक सलग रेघ होती आणि मुख्य बीमची रेघ त्या सगळ्यांना छेदून गेलेली. मी ते इम्पोर्ट केलं, सेक्शन (प्रत्येक बीमचा आकार आणि मापं) दिले, लोड दिले, रन केलं. एकही एरर नाही, एकही वॉर्निंग नाही. सगळ्या रिॲक्शनची, म्हणजे आधारांवर येणाऱ्या बलांची, बेरीज एकूण लोडशी जुळवून पाहिली, तीही जुळली. मी निर्धास्त झालो आणि डिझाइन पुढे गेलं.

आमच्या सरांनी सेक्शनचा तक्ता हातात घेतला आणि एवढंच विचारलं, "बाकीचे ज्याच्यावर टेकलेत, तोच सगळ्यांत बारीक कसा रे?" तोवर ड्रॉइंग बाहेर गेली होती. ती परत मागवावी लागली. त्या दिवशी पोटात पडलेला खड्डा मला अजून आठवतो.

झालं काय होतं ते सावकाश वाचा. इम्पोर्टमध्ये रेघेचा मेंबर (हिशेबातला बीम किंवा कॉलम) होतो आणि नोड, म्हणजे मेंबर एकमेकांना जोडले जातात ते बिंदू, तयार होतात ते रेघेच्या दोन टोकांना. दोन रेघा मध्येच एकमेकींना छेदत असल्या, तर त्या छेदावर आपोआप नोड येईलच असं नाही, आणि माझ्या मॉडेलमध्ये तो नव्हता. म्हणजे पडद्यावर दोन बीम एकमेकांवर टेकलेले दिसत होते, पण हिशेबात ते एकमेकांना ओळखतही नव्हते. दोघांनाही आपापल्या टोकांना आधार होता, म्हणून रचना स्थिर होती. मग सॉफ्टवेअर तक्रार कशाची करणार?

आकड्यांत बघू. दुय्यम बीमवर मीटरला १० किलोन्यूटन लोड आणि टोकं साध्या टेकूवर धरा. मधे नोड नसेल तर १२ मीटरचा एकच स्पॅन: टोकांना ६०-६० किलोन्यूटन आणि मधला मोमेंट (बीमला वाकवणारा जोर) १८० किलोन्यूटन-मीटर. मधे नोड असेल आणि तो आधार न खचणारा धरला, तर टोकांना २२.५-२२.५, मधे ७५, आणि सर्वांत मोठा मोमेंट ४५. बेरीज दोन्हीकडे १२०. म्हणूनच रिॲक्शनच्या बेरजेवर विसंबून राहू नका. लोड हरवलेलं नसतं, वाट चुकलेलं असतं. मुख्य बीमवर प्रत्येक दुय्यम बीमचे जे ७५ किलोन्यूटन यायला हवे होते, त्यातलं काहीच आलं नाही.

हे पकडायला एकच गोष्ट पुरते: फक्त डेड लोडवर (रचनेच्या कायमच्या वजनावर) रन करा, डिफ्लेक्शनचं, म्हणजे बीम किती वाकले त्याचं, चित्र भरपूर मोठ्या स्केलवर बघा, आणि प्रत्येक छेदावर दोन्ही बीम एकत्र वाकतायत का ते तपासा. माझे दुय्यम बीम मुख्य बीमच्या आरपार खाली लोंबत होते. मी ते चित्र उघडलंच नव्हतं.

दुरुस्ती कॅडमध्येच करावी, असं माझं ठाम मत आहे. मेंबरच्या मध्यरेषा वेगळ्या लेयरवर स्नॅप लावून काढा, छेदावर रेघा तोडा, पॉलीलाइन एक्सप्लोड करा, एकावर एक पडलेल्या रेघा ओव्हरकिल या कमांडने काढून टाका. दुहेरी रेघ राहिली तर मेंबर दोन होतात आणि सेल्फवेटही (त्यांचं स्वतःचं वजन) दुप्पट होतं. स्टाडमध्ये निवडलेले मेंबर छेदावर तोडायची सोय आहे, पण ती सरसकट सगळ्या मॉडेलवर चालवू नका. एक्स ब्रेसिंग (एकमेकांना छेदणारे तिरके मेंबर) मधे तुटलं आणि ते मेंबर ट्रस म्हणून, म्हणजे फक्त ताण-दाब घेणारे आणि न वाकणारे, दिलेले असले, तर मधला नोड प्रतलाबाहेर मोकळा राहतो आणि मॉडेल अस्थिर होतं. आणखी एक: बीमचे तुकडे झाल्यावर डिझाइनमध्ये प्रभावी लांबी (बीम बाजूला लचकण्याच्या हिशेबात धरायची लांबी) तुम्ही दिली नाहीत, तर ती एका तुकड्याची धरली जाते. बीम पास होतो, पण तो खोटा पास.

एका क्लिकवर अख्खं मॉडेल बनवून देणारी प्लगइन पहिल्या वर्षी तरी वापरू नयेत. वाईट असतात म्हणून नाही. कुठला नोड का आला हे ज्याने हाताने केलेलं नसतं, त्याला न आलेला नोड खटकत नाही. आणि "रन झालं ना? मग दे पाठवून" म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा लोडची वाट बोटाने दाखवायला लावणारा सीनियर शोधा, बोलायला कितीही कडक असला तरी.

नोड सुटला म्हणून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. मला तेव्हा तसंच वाटलं होतं, दोन आठवडे मी सरांच्या टेबलाकडे फिरकलो नाही. नंतर त्यांनीच बोलावलं आणि पुढचं ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवलं. इम्पोर्ट करण्याआधी त्याची प्रिंट काढली आणि दोघांनी मिळून प्रत्येक छेदावर लाल पेनाने ठिपके दिले. एकूण ८४ भरले. मग मॉडेलमधले नोड त्यांच्याशी एकेक करून ताडून पाहिले. तीन कमी होते.