परदेशातून आलेल्यांना घेऊन गाडीने रत्नागिरीला जायचंय? मग असं करा

परदेशात राहणारी आपली माणसं सुट्टीवर येतात, त्यातली निम्मी सुट्टी नातेवाइकांकडे जेवायला जाण्यात संपते आणि मग उरलेल्या चार दिवसांत कोणीतरी म्हणतं चला कोकण करू, अलिबाग, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली, होऊन जाईल सगळं. कृपया असं करू नका. नकाशात अंतर कमी दिसतं पण कोकणात प्रत्येक खाडी वळसा घालायला लावते, मुलं मागच्या सीटवर वैतागतात आणि समुद्र बघायचा राहतो तो राहतोच. माझं स्पष्ट मत आहे की एकच शहर धरा आणि तिथेच तीन रात्री राहा. आणि ते शहर रत्नागिरी असावं, कारण इथे समुद्र, किल्ला, राजवाडा, मासळी सगळं जवळ जवळ आहे आणि लहान मूल रात्री तापलं तर डॉक्टर, मेडिकल, सिव्हिल हॉस्पिटल गावातच आहे, लांब कुठे पळावं लागत नाही.

आधी कधी जायचं ते. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, हवा छान, समुद्र शांत. फक्त २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा सोडा, तेव्हा हॉटेलं फुल आणि गणपतीपुळ्याला पार्किंगला जागा नसते. ज्यांच्या मुलांना जून-जुलैतच सुट्टी असते त्यांनी पावसाळ्यातही यावं, हिरवंगार कोकण बघण्यासारखंच असतं, पण मग समुद्रात पाय पण घालायचा नाही हे निघायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते त्यामुळे ताज्या सुरमईची आस धरू नका. घाटात धुकं असतं आणि दरडीची भीती असते म्हणून अंधारात घाट नको. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस तर हायवेवर मुंबईचे चाकरमानी आपापल्या घरी निघालेले असतात, त्यांच्या वाटेत आपण पर्यटक म्हणून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. हापूस खायचा असेल तर एप्रिल-मे, उकाडा सोसायची तयारी ठेवून.

आता गाडी. भाऊ तिकडे रोज गाडी चालवतो म्हणून इकडे पण चालवेल असं गृहीत धरू नका. तिकडे बऱ्याच देशांत स्टिअरिंग डावीकडे असतं, आपल्याकडे उजवीकडे, त्यात घाट, समोरून एसटी, मध्येच म्हशी. ड्रायव्हरसकट गाडी घ्या. स्वतःच चालवायचीच असेल आणि इथलं लायसन्स संपलं असेल तर येतानाच तिकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणायला सांगा. मुलांची कार सीट आणणार असतील तर भाड्याच्या गाडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून मागचे सीटबेल्ट बाहेर काढून ठेवायला सांगा, कारण आपल्याकडे मागचे पट्टे नव्या सीट कव्हरच्या खाली गाडून टाकलेले असतात आणि पहाटे निघताना ते कव्हर उसवत बसायला लागतं. ड्रायव्हरदादांची झोपायची सोय नीट करा, गाडीत झोपायला लावू नका. दुसऱ्या दिवशी तेच आपल्याला घाटातून नेणार असतात.

कागदपत्रं. परदेशी पासपोर्ट असलेलं कोणीही असेल, अगदी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी, मूळ पासपोर्ट आणि कार्ड किंवा व्हिसा बरोबर ठेवा, फोनमधला फोटो पुरत नाही. हॉटेलवाल्याला त्यांची माहिती २४ तासांत सरकारी फॉर्ममध्ये भरावी लागते, घरगुती होमस्टेला सुद्धा. बऱ्याच छोट्या होमस्टेवाल्या काकूंना याची सवय नसते आणि रात्री दारात उभं राहून हा विषय काढला तर त्या घाबरतात, म्हणून बुकिंग करतानाच विचारा की पासपोर्टवाले पाहुणे चालतील ना. पैशाचं म्हणाल तर शहाळंवाल्यापासून सगळीकडे क्यूआर कोड आहे पण परदेशी कार्ड छोट्या ठिकाणी चालत नाही, तेव्हा इथलं यूपीआय असलेलं एक माणूस बरोबर हवं आणि थोडी सुटी कॅश, कारण घाटात आणि खाडीच्या कडेला रेंज जाते.

पुण्याहून जाताना मला सगळ्यात आवडणारा रस्ता म्हणजे सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथून संगमेश्वर आणि हातखंब्याला उजवीकडे वळलं की रत्नागिरी. साधारण ३०० किलोमीटर, पण तास मोजताना मुलांचे थांबे धरून आख्खा दिवस धरा. पहाटे पाचला निघालात तर घाट उजेडात आणि जेवण चिपळुणात होतं. मुंबईहून पनवेल, माणगाव, महाड, पोलादपूर, आता कशेडीला बोगदा झालाय त्यामुळे तो घाट वाचतो, पण माणगावात गर्दी लागते ती लागतेच. मुंबई-गोवा हायवेचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, मध्येच मस्त सिमेंटचा रस्ता आणि मध्येच डायव्हर्जन, म्हणून अंधार पडल्यावर या पट्ट्यात गाडी नको. तिकडच्या मुलांना घाटाची सवय नसते, पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि दुधाचं काही देऊ नका, कोरडी पोळी-चटणी किंवा खाकरा द्या, आलेपाक नाहीतर आवळासुपारी खिशात ठेवा आणि घाट लागायच्या आधी मोबाईल-टॅब काढून घ्या. खाली बघत राहिलं की उलटी होतेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भरती-ओहोटी. समुद्रावर कधी जायचं हे हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवर ठरवू नका, कॅलेंडरवर ठरवा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. म्हणजे आज षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, तर साधारण साडेचारला पूर्ण भरती, पहाटे पण आणि दुपारी पण, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारकडे भरती आणि संध्याकाळी पाचच्या पुढे पाणी लांब गेलेलं, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर मुलांना पळायला ही एवढी ओली कडक वाळू मिळते. अष्टमीला उलटं, संध्याकाळी सहाला भरती, तेव्हा सकाळी दहा-अकराला जा. थोडंफार मागेपुढे होतं पण अंदाजाला पक्कं आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त आत जातं तसं जास्त वर पण येतं, हे लक्षात ठेवा.

ओहोटीला मुलांना घेऊन नुसतं खाली वाकून बघा. छोटे खेकडे बिळातून वर येतात, वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात, परत दुसरी, आणि बिळाभोवती त्या गोळ्यांची नक्षी होते. पाऊल वाजलं की सगळे एका क्षणात आत. मुलं यात तासभर रमतात, खेळणी लागत नाहीत.

आणि पोहणं. तिकडे स्विमिंग पूलमध्ये पट्टीचे पोहणारे असले तरी आरे-वारेच्या किनाऱ्यावर आणि गणपतीपुळ्याला पाण्यात आत जाऊ देऊ नका. वाळू एकदम उतरती आहे, पाण्याला आतून ओढ आहे आणि दरवर्षी इथे माणसं बुडून जातात, बहुतेक बाहेरून आलेलीच. गुडघ्याच्या वर पाणी नको, स्थानिक माणूस किंवा जीवरक्षक बाहेर या म्हणाला की वाद न घालता बाहेर यायचं. गाडी पण वाळूत उतरवू नका, चाकं रुततात आणि भरती थांबत नाही.

शहरात बघायचं म्हणजे सकाळी रत्नदुर्ग, घोड्याच्या नालेसारखा आकार, आत भगवतीचं देऊळ, आणि तटावरून तिन्ही बाजूंनी समुद्र. ऊन व्हायच्या आत उतरा. मग मत्स्यालय, तिथे देवमाशाचा आख्खा सांगाडा आहे तो मुलांना दाखवाच. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, १८५६ चा जन्म, जांभ्या दगडाचं घर कसं असतं ते पण तिथे कळतं. दुपारी घरी येऊन झोपा, खरंच झोपा, उन्हात फिरवू नका.

चार वाजता थिबा पॅलेस. सोमवार टाळा. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, त्याला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला, परत घरी जायला मिळालंच नाही. हा राजवाडा त्याच्यासाठी नंतर बांधला, १९१० च्या सुमाराला तो इथे राहायला आला. परदेशात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट फार चटकन कळते हे मी बघितलंय. माझ्या भाचीने तिथल्या सागवानी जिन्यात बसूनच विचारलं, मावशी, त्याच्या मुली कुठली भाषा बोलायच्या? मुली इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या, धाकटी दोन तर भारतातच जन्मली असं सांगितल्यावर ती बराच वेळ त्या रंगीत काचांकडे बघत बसली. त्यामुळे नुसते फोटो काढून निघू नका, आधी गोष्ट सांगा. मग जवळच थिबा पॉइंटवर जाऊन सूर्यास्त बघा, खाली भाट्याची खाडी आणि पूल दिसतो.

एक दिवस आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळे, २५ किलोमीटरच्या आसपास. तिथे डोंगरच देव मानतात म्हणून प्रदक्षिणा आख्ख्या डोंगराला असते, ती सकाळी लवकर घाला नाहीतर फरशीवर पाय भाजतात. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, शांत जागा, आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना नक्की न्या.

जेवायला मोठ्या हॉटेलपेक्षा घरगुती खानावळ बघा आणि सकाळीच फोन करून माणसं किती ते सांगा, त्या हिशोबाने मासळी आणतात. मुलांना सुरमईची तुकडी द्या, मधला एकच काटा असतो, बांगडा मोठ्यांनी खावा. तिखट नको असेल तर आधी सांगा, ताटात आल्यावर सांगून उपयोग नाही. नाश्त्याला घावणे आणि नारळाचा गोड रस, हे तिकडच्या मुलांना हमखास आवडतं. सोलकढी मात्र बाहेरून आलेल्यांनी पहिल्या दिवशी अर्धी वाटीच प्यावी, आणि पाणी बाटलीचंच.

परतताना वेगळा रस्ता घ्या, हातखंब्याहून पाली, साखरपा, आंबा घाट चढून कोल्हापूर, मग पुण्याला हायवे. घाट सकाळी चढा. तिकडे न्यायला आंबापोळी, फणसपोळी, काजू घ्यायचे असतील तर पॅकबंद आणि लेबल असलेलेच घ्या, कोकमाचं आगळ चेक-इन बॅगेत दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळून टाका, सांडलं तर कपड्यांवरचा डाग जात नाही. ताजा हापूस नेता येतो का हे त्या त्या देशाच्या नियमावर आहे, अमेरिकेच्या विमानतळावर तर काढूनच घेतात, म्हणून ती पेटी पुण्यातच उघडा आणि सगळ्यांनी मिळून संपवा.